सहा तासांचं वादळ

३ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझ्या कचेरीचा शिक्का पाहून पोस्टमन दारातच थबकला. 'वादळ पूर्वसूचना केंद्र' हे शब्द त्याने मोठ्याने वाचले आणि विचारलं, काही येतंय का? मी म्हटलं, नात नोकरीला लागली, सध्या एवढंच आलंय.

लहानपणी तू अंगणात स्वतःभोवती गोल गोल फिरायचीस आणि भोवळ येऊन पडलीस की जमिनीवर रागवायचीस. म्हणून तुझं नाव भिंगरी पडलं. आता तीच भिंगरी समुद्रावरच्या भिंगऱ्या मोजायला बसली, याची मला फार गंमत वाटते. फोनवर मला हल्ली 'हो' आणि 'नाही' सारखंच ऐकू येतं, तेव्हा आपण पत्रांतूनच बोलू. शिवाय पत्र उशीखाली ठेवता येतं.

तू लिहितेस की तुला जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलंय आणि होऊन गेलेली वादळं पुन्हा तपासून त्यांना नव्याने दर्जा द्यायचं काम दिलंय. हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. बाळ, त्या कपाटात माझंही वादळ असणार.

गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस. पण आता ती सरकारी कामासाठी आहे, म्हणून एकशे एकाव्यांदा ऐक. मी तेवीस वर्षांचा, घड्याळाच्या दुकानात उमेदवार. मालकाने मला धक्क्यावरच्या तिकीटघरात पाठवलं. तिथलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, काम वीस मिनिटांचं. मी एक वाजता आत शिरलो आणि माझ्या पाठोपाठ वादळ शिरलं. फेरीबोटी बंद. तिकिटाच्या खिडकीशी एक मुलगी बसली होती, ती तुझी आजी. छपरावरच्या वारामापकाचा काटा आतल्या तबकडीवर शेवटच्या खुणेला जाऊन आपटला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. एक ते सात, पुरते सहा तास, त्या वाऱ्याने आम्हाला उंबरा ओलांडू दिला नाही. मी घड्याळ उघडून बसलो होतो आणि ती दर अर्ध्या तासाला एका जाड वहीत काहीतरी लिहीत होती. फार कामसू मुलगी. मधे तिला भीती वाटू नये म्हणून मी चौथीतली कविता म्हणून दाखवली. आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून ठेका धरायचे:

दर्यावरुनी आला कोणी, घालित शिट्टी दारी,
कौलांशी तो बोलुन गेला, गुपिते घेउन सारी.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. एवढं काम साध्या वाऱ्याचं नव्हे. तुमच्या समितीला सांग, सर्वांत वरच्या दर्जापेक्षा कमी काही मी घेणार नाही.

तुझा,
आजोबा


११ सप्टेंबर

प्रिय आजोबा,

नमस्कार. अर्ज मिळाला. तोंडी अर्ज चालत नाहीत, पण तुमचा शंभर वेळा तोंडी आणि एकदा लेखी असल्याने दाखल करून घेतलाय.

आधी आमची शिडी समजून घ्या. समुद्रावर हवा गोल फिरायला लागली की पहिली पायरी कमी दाबाचं क्षेत्र. वारा ताशी एकतीस किलोमीटरच्या वर गेला की डिप्रेशन, पन्नासच्या पुढे डीप डिप्रेशन. बासष्ट ओलांडले तरच त्याला चक्रीवादळ म्हणायचं आणि नाव द्यायचं. तिथून तीव्र, मग अतितीव्र, मग अत्यंत तीव्र आणि दोनशेवीसच्या पुढे महाचक्रीवादळ. तुम्ही थेट गच्चीत जाऊन बसलात.

आणि हा वारा म्हणजे एका झोताचा वारा नव्हे. आपल्या समुद्रात तीन मिनिटांची सरासरी धरतात. दुसऱ्या समुद्रांत कुणी एक मिनिट धरतं, कुणी दहा. म्हणजे तेच वादळ समुद्र बदलला की दुसऱ्या इयत्तेत बसू शकतं. यावरून आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात.

भर समुद्रात वारा मोजायला सहसा कुणी नसतं. मग उपग्रहाचं चित्र घेऊन ढगांनी किती वळण घेतलंय त्यावरून अंक द्यायचा. दोन माणसं, दोन टेबलं, एकमेकांच्या कागदाकडे बघायचं नाही. शाळेतल्या परीक्षेसारखंच, फक्त इथे दोघांचं उत्तर जुळलं तर शाबासकी मिळते. मला अजून त्या टेबलावर बसू देत नाहीत. मी आत, धुळीत. तुमच्या वर्षाची पेटी खालच्या फळीवर आहे. काढते.

तुमची,
भिंगरी

ता. क. गेल्या दोन्ही वेळी वादळाची सूचना आली तेव्हा सगळी गल्ली टेकडीवरच्या शाळेत गेली आणि तुम्ही गेला नाहीत, असं तुमच्या शेजारच्या नर्सबाईंनी आईला सांगितलं. खरं आहे का?


१९ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

ताजा कलम लिहायला जागा कमी होती, तरी तू मुख्य गोष्ट तिथेच लिहिलीस. अगदी आईवर गेली आहेस.

होय, खरं आहे. नर्सबाई शेजारधर्म म्हणून आली होती, मी तिला चहा दिला आणि परत पाठवलं. माझं घर समुद्रापासून साठ पावलांवर आहे, हे मला तिच्याआधीपासून माहीत आहे. भिंतींवर बत्तीस घड्याळं आहेत. त्यांना रोज किल्ली द्यावी लागते. आणि ज्या माणसाने ते वादळ धक्क्यावर बसून काढलं, त्याने अशा किरकोळ वाऱ्याला भिऊन टेकडी चढायची म्हणजे शाळेत नापास झाल्यासारखं आहे.

तुझी शिडी मात्र मला फार आवडली. शेजारच्या शिंप्याला समजावून सांगितली. तेव्हापासून तो घरची हवा मला रोज कळवतो. सकाळी कमी दाब, दुपारी डीप डिप्रेशन आणि काल त्याने कुणाच्यातरी लग्नाचा कोट उलट्या बाजूने शिवला तेव्हा बायको अतितीव्र. मी म्हटलं, बाबा रे, एका झोतावर जाऊ नकोस, तीन मिनिटांची सरासरी धर. तो म्हणाला, आजोबा, तीन मिनिटं तिथे उभं कोण राहणार?

पेटी उघडलीस का?

आजोबा


२ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. पेटी उघडली. आत बरंच काही आहे, पण तिकीटघराची नोंदवही काही सापडत नाहीये. अजून शोधते आहे. तोवर तुमचा अर्ज विचाराधीन.

इथे फेरतपासणीने गोंधळ उडवलाय. गेल्या आठवड्यात एका जुन्या वादळाला आम्ही दोन पायऱ्या खाली आणलं. त्या काळच्या माणसांनी झोताचा आकडाच सरासरी म्हणून लिहून ठेवला होता. एक निवृत्त कप्तान तावातावाने आले आणि म्हणाले, त्या वादळात माझं जहाज फुटलं होतं, आता मी नातवंडांना काय सांगू? साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, जहाज फुटलं हे तसंच राहतं, फक्त वारा खाली येतो. कप्तानांचं काही समाधान झालं नाही.

तब्येत सांभाळा. आणि यंदा सूचना आली तर शाळेत जाल ना?

भिंगरी


१० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

नोंदवही सापडत नाही हे वाचून मला हसू आलं. अगं, सापडेल कशी? वादळाने स्वतःचा पुरावाच पळवून नेला. यावरूनच समितीने काय ते समजावं.

तू स्पष्ट लिहीत नाहीस, पण तुझ्या अक्षरावरून मी ओळखलं. तुझी वेलांटी आखडते तेव्हा तुझ्या पोटात काहीतरी असतं. दर्जा ठरलेला असणार आणि जाहीर व्हायचा असणार. मी गल्लीत सांगून टाकलं. शिंप्याने एका पुठ्ठ्यावर रंगवून दिलंय: 'येथे महाचक्रीवादळ पाहिलेले गृहस्थ राहतात. घड्याळेही दुरुस्त होतील.' पाटी दाराला लावली. नर्सबाई उभी राहून वाचत होती. हसली नाही. विनोदबुद्धी कमी.

तुझी आजी जाऊन येत्या महिन्यात सहा वर्षं होतील. ती असती तर पाटी वाचून म्हणाली असती, "हो, फार वारा होता." मी ही गोष्ट सांगायला लागलो की ती पाहुण्यांसमोर नेहमी एवढंच म्हणायची आणि आत जायची. आमच्या घरात साक्षीदार एकच होता, तोही फार बोलका नव्हता.

आजोबा


२१ ऑक्टोबर, दुपारी

प्रिय आजोबा,

हे पत्र पोस्टाने नाही, दुपारच्या बसचे ड्रायव्हरकाका आणून देतील. त्यांच्याच हाती उत्तर द्या.

समुद्रात एक भिंगरी तयार झाली आहे. आज सकाळी डिप्रेशन. माणसं कमी पडली म्हणून मला पहिल्यांदाच टेबलावर बसवलं. मी आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाई, दोघींनी चित्र बघून एकच अंक दिला. एरवी मी नाचले असते. पण दोघींनी दुपारच्या चित्रालाही एकच अंक दिला आणि तो सकाळपेक्षा मोठा होता. पाणी गरम आहे. पाच दिवसांत ते किनाऱ्याला लागेल तेव्हा अतितीव्र असेल आणि आमची रेघ तुमच्या धक्क्याजवळून जाते आहे.

आजोबा, शाळेत जा. घड्याळांना चार दिवस किल्ली नाही दिली तर ती मरत नाहीत.

भिंगरी


२२ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

पहिल्या अंकाबद्दल शाबास. आजीच्या फोटोसमोर तुझं पत्र ठेवलं.

बाकी म्हणशील तर तुझं वादळ अजून पाळण्यात आहे. मोठं झालं तरी अतितीव्र होणार, असं तूच लिहितेस. माझं त्याहून दोन पायऱ्या वर होतं आणि मी त्यात सहा तास बसून घड्याळ दुरुस्त केलं. तेव्हा मला काही झालं नाही, तर आता घरात, स्वतःच्या खाटेवर काय होणार? शिंपी मशीन पाठीवर घेऊन निघाला आहे. मी त्याला हात केला. मी इथेच बसेन आणि नंतर तुला सांगेन की कुठल्या वाऱ्यात किती दम होता. तुमच्या उपग्रहापेक्षा ते बरं.

काळजी करू नकोस. तू माझी गोष्ट ऐकून मोठी झालीस, तिच्यावर विश्वास ठेव.

आजोबा


२४ ऑक्टोबर, सकाळी सात

प्रिय आजोबा,

तुमच्या गोष्टीवर मी विश्वास ठेवला म्हणूनच ही वेळ आली. आता नीट वाचा.

२ ऑक्टोबरला मी तुम्हाला खोटं लिहिलं. नोंदवही तेव्हा माझ्या टेबलावरच होती. पेटी उघडल्याबरोबर सर्वांत वर तीच सापडली. तुमचं वादळ महाचक्रीवादळ नव्हतं. अतितीव्र नव्हतं, तीव्रही नव्हतं. ते चक्रीवादळच नव्हतं, आजोबा. डीप डिप्रेशन, सर्वांत जास्त वारा ताशी पंचावन्न, चक्रीवादळाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलेलं. वारामापकाचा काटा शेवटच्या खुणेला आपटला कारण त्याची स्प्रिंग तुटली होती. वहीत तसं लिहिलंय आणि दुरुस्तीची मागणीही आहे.

हे सांगितलं तर तुमचं काहीतरी मोडेल असं मला वाटलं, म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यावर तुम्ही पाटी रंगवून घेतलीत आणि आता तिच्या भरवशावर घरात बसला आहात. चूक माझी आहे. तुम्ही सोसलेल्या वाऱ्यापेक्षा येणारा वारा दुपटीहून जास्त आहे आणि तो माणसाला ढकलतो तो दुपटीने नाही, चौपटीहून जास्त. त्याच्यासोबत समुद्र गल्लीत येईल. तुम्ही असं वादळ कधीही पाहिलेलं नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर अक्षर बघा. सोबत वहीच्या दोन पानांच्या नकला आहेत. पहिलं पान उघडं आहे. 'वेळ एक: वारा जोराचा. दीड: वारा जोराचा, पाऊस. दोन: वारा उतरतो आहे. अडीच: वारा पडला. फेरी सोडण्यास हरकत नाही.' हे कुणी लिहिलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तिकिटाच्या खिडकीशी बसणाऱ्यांनीच हवेची नोंद ठेवायची, असा तिथला नियम होता.

दुसरं पान घडी घालून गोंदाने चिकटवलंय. त्यावर अडीच ते सात लिहिलेलं आहे. समितीला त्याचा उपयोग नाही, त्यामुळे ते माझ्याशिवाय कुणी वाचलेलं नाही. ते तुमचं आहे. पण तुम्ही टेकडीवरच्या शाळेत पोहोचल्याशिवाय ते उघडायचं नाही. तुम्ही शब्दाचे पक्के आहात म्हणून हे करू शकते. ड्रायव्हरकाका बस धक्क्यावर वळवून तुमच्या दाराशी अर्धा तास थांबतील.

भिंगरी


२७ ऑक्टोबर, टेकडीवरची शाळा

प्रिय भिंगरी,

मी सुखरूप आहे. हे पहिल्या ओळीत लिहितो, कारण तू आधी तीच शोधशील.

तुझं पत्र दारात उभ्याने वाचलं. पहिल्या पानावरचं अक्षर पाहिलं आणि वाऱ्याचं भांडण तिथेच संपलं. तुझ्या आजीने लिहिलेल्या आकड्यावर मी आयुष्यात कधी वाद घातला नाही, आता काय घालणार? थोडा वेळ खाटेवर बसलो. मग पाहिलं तर मी ते चिकटवलेलं पान उजेडाकडे धरून बसलो आहे. दिसलं काही नाही. गोंद भरपूर लावलास. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, तिथे जाऊन एका मिनिटात उघडता येईल की. मी आजीचा फोटो घेतला, अवजारांची पेटी घेतली, पाटी काढून पालथी ठेवली आणि बसमध्ये चढलो.

इथे मला चौथीच्या वर्गात जागा मिळाली. बाक इतके छोटे की गुडघे हनुवटीला लागतात. फळ्यावर कुणीतरी अर्धी कविता लिहून सोडली होती. शिंपी, त्याची बायको, नर्सबाई, सगळी गल्ली तिथेच. नर्सबाईने मला पाहिलं, पाटीचा विषय न काढता स्वतःची सतरंजी सरकवून जागा केली. तिला विनोदबुद्धी आहे, ती फक्त वेळ पाहून वापरते.

काल दुपारी ते आलं. भिंगरी, मी खरंच तसं काही पाहिलेलं नव्हतं. तो वारा शिट्टी वाजवत नाही. तो एकच स्वर धरून ठेवतो आणि सोडत नाही. तीन मिनिटांची सरासरी तुम्ही का धरता ते मला तिथे कळलं, कारण झोत कुणीही सोसेल. शिंप्याच्या बायकोने तासभर नवऱ्याचा हात सोडला नाही. नंतर तो मला म्हणाला की घरचं हवामान कायमचं सुधारलेलं दिसतंय. ते तिने ऐकलं, आणि सुधारणा तिथेच थांबली.

आज सकाळी खाली जाऊन आलो. आपलं छप्पर नाही. पाणी फोटोच्या खिळ्यापर्यंत चढलेलं, भिंतीवर रेघ आहे. सगळी घड्याळं थांबली आहेत, बत्तीसच्या बत्तीस, प्रत्येक वेगळ्या वेळेला. मी आयुष्यभर खटपट केली पण ती कधी एक वेळ दाखवत नव्हती, आताही दाखवत नाहीत. आणि छपराचा मोठा वासा माझ्या खाटेवर पडला आहे, उशी असते तिथे. मी तो बराच वेळ बघत उभा होतो. मग तुझ्यासाठी हे पत्र लिहायला वर आलो. गल्लीतलं एकही माणूस गेलेलं नाही. तू आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी ते अंक बरोबर दिलेत, हे त्या बाईंना माझ्या नावाने सांग.

आता दुसऱ्या पानाबद्दल. ते मी पहिल्याच दिवशी, शाळेच्या पायरीवर बसून, घड्याळ उघडायच्या पात्याने सोडवलं. तू वाचलंच आहेस, तरी मी उतरवून पाठवतो, कारण लिहिताना मला बरं वाटतं आहे.

'वेळ तीन: वारा नाही. घड्याळ सुरू झाले.
साडेतीन: वारा नाही. घड्याळ पुन्हा बंद पडले.
चार: घड्याळ सुरू झाले.
साडेचार: घड्याळ बंद. आपोआप पडले नाही. घड्याळवाल्याने लंबकाचा आकडा स्वतः काढलेला मी पाहिला.
पाच: घड्याळ सुरू झाले.
साडेपाच: घड्याळ पुन्हा बंद. कविता म्हणतो. बरी म्हणतो.
सहा: बोटवाल्यांनी फेरी सोडू का विचारले. वारा फार आहे असे सांगून परत पाठवले.
सात: घड्याळ ठीक चालते. घड्याळवाला म्हणतो, उद्या पुन्हा तपासायला यावे लागेल. येऊ दे.'

भिंगरी, तो लंबकाचा आकडा मी मुद्दाम तीनदा काढला होता, आणि आजपर्यंत ते कुणालाही सांगितलं नव्हतं. एवढी एकच लबाडी लपवायची म्हणून मी वारा वाढवत नेला. साठाचा शंभर केला, शंभराचा दोनशे आणि म्हातारपणी माझाच त्याच्यावर विश्वास बसला. आमच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली तोवर ती शेजारी बसून ते ऐकत राहिली. आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "हो, फार वारा होता." मला वाटायचं ती साक्ष देते आहे. ती तर सहा वाजता बोटवाल्यांना सांगितलेलंच पुन्हा सांगत होती.

आजच शाळेतलं मोठं घड्याळ मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे आणून ठेवलं. पाण्यावाचूनच बंद पडलंय. शिंप्याने विचारलं, किती वेळ लागेल? मी म्हटलं, वीस मिनिटं. या वेळी खरोखरच वीस मिनिटं.

तू खोटं लिहिलंस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. ते आपल्या घराण्यात आजीकडून आलंय, आणि शेवटी वेळेवर खरं सांगणंही तिच्याचकडून.

समितीला कळव की अर्जदाराने आपला अर्ज मागे घेतला आहे. वारा अडीच वाजता पडला, हे त्याला पूर्ण मान्य आहे. पुढच्या साडेचार तासांना कुठला दर्जा द्यायचा ते मात्र त्यांच्या शिडीवर नाही, तेव्हा त्यांनी ते पान गोंद लावून पुन्हा चिकटवून ठेवावं.

तुझा,
आजोबा